आरोग्य पाठ : स्तनातली प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते, पण प्रत्येक गाठ दाखवायची असते



गोठ्यातल्या म्हशीचा एखादा सड कडक लागला, दुधात गुठळ्या दिसल्या, तर आपण काय करतो? "दगडी झाली गं बाई" म्हणतो आणि दुपार व्हायच्या आत जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावतो. उद्या बघू, परवा बघू असं म्हणत नाही. सड गेला तर दूध गेलं, दूध गेलं तर हप्ता कुठून भरायचा, हे आपल्याला पक्कं माहीत असतं.

आणि आपल्याच स्तनात गाठ लागली तर? ती आपण पदराखाली झाकतो. कुणी सहा महिने झाकते, कुणी वर्षभर. "सांगायचं कुणाला? डॉक्टर पुरुष असला तर? आणि कॅन्सरच निघाला तर?" या तीन प्रश्नांतच दिवस निघून जातात.

म्हणून या अंकातला पाठ स्तनातल्या गाठी आणि दुखण्यांवर आहे. गटाच्या बैठकीत हा पाठ मोठ्याने वाचा. वाचणारीने लाजू नये आणि ऐकणारीने हसू नये, एवढी एकच अट.

एका घरातल्या तीन गाठी

आपल्याच भागातल्या एका घरची गोष्ट आहे. नावं मुद्दाम लिहीत नाही.

थोरली जाऊ ४२ वर्षांची. पाळीच्या आधी आठ दिवस तिचे दोन्ही स्तन जड व्हायचे, दुखायचे. त्यातच उजव्या बाजूला बोराएवढी गाठ लागली. दाबली की दुखायची. तिने मनाशी ठरवूनच टाकलं की आपल्याला कॅन्सर झाला. झोप उडाली, जेवण जाईना. "मी आहे तोवर लेकीचं लग्न उरकू" म्हणून बारावीतल्या मुलीसाठी स्थळं बघायला लागली आणि गटाकडे कर्जाचा अर्जही केला. कारण मात्र कुणालाच सांगितलं नाही.

धाकटी जाऊ २४ वर्षांची. आंघोळ करताना तिच्या हाताला गोटीसारखी गाठ लागली. बोट लावलं की इकडून तिकडे सटकायची, दुखायची अजिबात नाही. तिने ती थोरलीला दाखवली आणि तेव्हा थोरलीनेही आपलं सांगितलं.

ग्रामसंघाने आशाताईंशी बोलून उपकेंद्रात महिलांची तपासणी ठेवली. दोघी जावा गेल्या, सोबत म्हणून ६१ वर्षांच्या सासूबाई गेल्या. आशाताई त्यांना म्हणाल्या, "आत्या, आलाच आहात तर तुम्ही बी दाखवून घ्या की."

"मला काय हुतंय? माझं वय झालं आता."

"हाताला कुठं काय लागतंय का?"

आत्या जरा वेळ गप बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "हाय एक बारकी, हरभऱ्याएवढी. पर दुखत न्हाई बघ. दुखत न्हाई म्हनून म्या कुनाला बोलले न्हाई."

तिघींनाही पुढे जिल्हा रुग्णालयात पाठवलं. थोरलीची गाठ पाण्याची निघाली. सुईने पाणी काढल्यावर ती जागच्या जागी बसली. धाकटीची गाठ साधी, तरुण वयात होणारी निघाली. ती काढायचीही गरज पडली नाही, फक्त सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायला सांगितलं. आत्यांची गाठ मात्र कॅन्सरची निघाली. लहान असतानाच सापडली म्हणून ऑपरेशन वेळेवर झालं. उपचार अजून चालू आहेत आणि आत्या आपल्या शेळ्या राखत आहेत. थोरलीने लग्नाच्या कर्जाचा अर्ज मागे घेतला. लेक आता बारावीची परीक्षा देणार आहे.

जी सगळ्यात जास्त घाबरली होती तिला काहीच गंभीर नव्हतं, आणि जी अजिबात घाबरली नव्हती तिलाच आजार होता. आपल्या भीतीवरून किंवा दुखण्यावरून गाठ ओळखता येत नाही. ती तपासूनच कळते.

आधी आपल्या अंगाची ओळख

स्तनात दूध तयार करणाऱ्या ग्रंथी असतात, दूध बोंडापर्यंत आणणाऱ्या बारीक नळ्या असतात, आणि त्यांच्याभोवती चरबी आणि तंतू असतात. हे सगळं पाळीच्या चक्राप्रमाणे बदलतं. पाळीच्या आधी स्तन फुगतात, जड होतात, पाळी येऊन गेली की पुन्हा मऊ होतात. गरोदरपणात वाढतात, अंगावर पाजताना भरतात, पाळी कायमची गेल्यावर सैल पडतात. दोन्ही स्तन अगदी सारखे कुणाचेच नसतात. एक थोडा मोठा, एक थोडा लहान असणं काही आजार नाही.

हाताला स्तन थोडे दाणेदार लागणं, विशेषतः काखेकडच्या वरच्या भागात, हेही नेहमीचंच. भिजवलेल्या साबुदाण्याची पुरचुंडी दाबल्यासारखं लागतं. आपल्याला शोधायचं असतं ते नेहमीपेक्षा वेगळं झालेलं काही. त्यासाठी आपलं 'नेहमीचं' काय आहे हे आधी माहीत हवं.

कॅन्सर नसलेल्या गाठी आणि दुखणी

स्तनातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, तरुण वयात तर फारच क्वचित असतात. नेहमी दिसणारे प्रकार असे :

१. सटकणारी गाठ (फायब्रोअ‍ॅडिनोमा). साधारण १५ ते ३५ वयात होते. गुळगुळीत, घट्ट, रबरासारखी, बोटाखालून सटकणारी. बहुतेक वेळा दुखत नाही. एकीला एकापेक्षा जास्त गाठीही असू शकतात. गरोदरपणात ती वाढू शकते आणि पाळी गेल्यावर बऱ्याचदा लहान होते. तपासणीत ती साधीच आहे असं पक्कं झालं, तर ती तशीच ठेवून ठरावीक काळाने बघतात. ती वाढत असेल, खूप मोठी असेल किंवा तपासणीत शंका राहिली असेल तर काढतात. लग्न ठरायचं आहे म्हणून घाबरून मुलीचं ऑपरेशन उरकायचं, किंवा लग्न ठरायचं आहे म्हणून गाठ लपवायची, या दोन्ही गोष्टी चूक आहेत.

२. पाळीआधीचं दुखणं आणि दाणेदारपणा. ३० ते ५० वयात जास्त. दोन्ही बाजूंना, जास्त करून वरच्या बाहेरच्या भागात दुखतं आणि पाळी आली की उतरतं. हा आजार नाही, शरीरातल्या संप्रेरकांचा म्हणजे हार्मोन्सचा चढउतार आहे. दोन-तीन महिने कॅलेंडरवर खूण करा : ज्या दिवशी दुखलं त्या तारखेला टिंब, पाळी आली त्या तारखेला गोल. टिंबं गोलाच्या आधीच येत असतील तर अर्धी काळजी तिथेच मिटते. ते कॅलेंडर डॉक्टरांनाही दाखवा, त्यांना फार उपयोगी पडतं.

३. पाण्याची गाठ. साधारण ३५ ते ५० वयात. पाण्याने भरलेल्या लहान फुग्यासारखी. अचानक आल्यासारखी वाटते, कधी दुखते, पाळीप्रमाणे लहान-मोठी होते. सोनोग्राफीत ओळखू येते. त्रास होत असेल तर सुईने पाणी काढतात. पाणी रक्ताळलेलं निघालं किंवा गाठ पुन्हा पुन्हा भरली तर पुढची तपासणी करतात.

४. बाळंतिणीच्या स्तनातली सूज. स्तन दगडासारखा होणं, एका बाजूला गरम आणि दुखरा पट्टा येणं, ताप, थंडी वाजणं. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हे जास्त होतं. बाळाने बोंड नीट तोंडात न धरणं, बोंडाला चिरा पडणं, पाजण्यात खूप खंड पडणं ही नेहमीची कारणं. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, म्हणून हाताच्या पाठीने गरम लागतंय का ते बघा. वेळेवर उपचार झाले नाहीत तर पू धरतो आणि तो सुईने किंवा छोट्या चिरेने काढावा लागतो.

५. दुधाची गाठ. अंगावर पाजत असताना किंवा पाजणं थांबवल्यावर नळीत दूध साठून होते. बहुतेक वेळा दुखत नाही. सुईने दूध निघालं की निदानही होतं आणि गाठही बसते. पण एक लक्षात ठेवा, 'दुधाची गाठ आहे, जाईल आपोआप' हे घरात बसून ठरवायचं नाही. पाजणाऱ्या बाईलाही कॅन्सर होऊ शकतो.

६. मार लागल्यावरची गाठ. बैलाचं शिंग, पाटीचा काठ, पडणं किंवा घरातली मारहाण, यानंतर आतली चरबी खराब होऊन कडक गाठ होते. ती हाताला अगदी कॅन्सरसारखी लागू शकते, म्हणून तपासायलाच हवी. मारहाणीमुळे झाली असेल तर डॉक्टरांना आणि गटातल्या विश्वासाच्या ताईला खरं सांगा.

७. बोंडातून पाणी येणं. दोन्ही बाजूंनी, अनेक छिद्रांतून, दाबल्यावरच येणारं पिवळट-हिरवट पाणी बऱ्याचदा नळ्या रुंद झाल्यामुळे असतं. चाळिशी-पन्नाशीत हे दिसतं. म्हणून मुद्दाम पिळून बघत बसू नका. बाळ नसताना दुधासारखा स्राव येत असेल तर थायरॉईड, काही गोळ्या किंवा डोक्यातल्या एका ग्रंथीचा बिघाड अशी कारणं असू शकतात, ती रक्ततपासणीत कळतात. एकाच बाजूने, एकाच छिद्रातून, न दाबता आपोआप येणारं रक्त किंवा स्वच्छ पाणी मात्र लगेच दाखवा. बऱ्याचदा नळीतल्या लहानशा साध्या गाठीमुळेच ते येतं, पण कॅन्सर नाही हे बघावंच लागतं.

८. काखेतला फुगवटा. काही जणींच्या काखेत जन्मतःच स्तनाचा थोडा जास्तीचा भाग असतो. गरोदरपणात, बाळंतपणात तो फुगतो, दुखतो. तो साधा असतो. पण काखेत गाठी इतरही कारणांनी येतात. हाताला जखम पिकली तरी येतात, क्षयरोगात येतात आणि कॅन्सरमध्येही येतात. त्यामुळे काखेतली गाठही दाखवायचीच.

९. स्तनाचा क्षयरोग. टीबी फक्त फुप्फुसाला होतो असं नाही. स्तनातून वारंवार पू वाहतो, छिद्र पडतं, जखम भरून परत फुटते, तेव्हा डॉक्टर टीबीचीही तपासणी करतात. टीबीची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. ती पूर्ण कोर्स होईपर्यंत घ्यायची असतात.

१०. बरगडीचं दुखणं. हंडे वाहणं, जड मोळी उचलणं, दिवसभर खुरपणं यांनी छातीचे स्नायू आणि बरगड्या दुखतात आणि आपल्याला वाटतं स्तन दुखतोय. कुशीवर झोपून स्तन बाजूला गेल्यावर बरगडीवर दाबून बघा. तिथेच कळ आली तर दुखणं बहुतेक बरगडीचं.

ही लक्षणं दिसली तर थांबायचं नाही

खालीलपैकी एक जरी दिसलं तरी त्याच आठवड्यात दाखवायला जा :

• कडक, ओबडधोबड, खाली रुतल्यासारखी न हलणारी गाठ, दुखो वा न दुखो
• पाळी कायमची गेल्यानंतर नव्याने आलेली कुठलीही गाठ
• कातडीला खळी पडणं, कातडी आत ओढली जाणं किंवा संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत होणं
• आधी सरळ असलेलं बोंड आत जाणं
• बोंडातून रक्त किंवा आपोआप पाणी येणं
• एकाच बोंडावर खाज, खपली, न भरणारी जखम
• काखेत किंवा गळ्याच्या हाडाजवळ गाठ
• सूज आणि लाली आहे, औषध घेऊन दोन आठवडे झाले तरी उतरत नाही
• आई, बहीण, मावशी किंवा आत्याला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झालेला आहे आणि आपल्याला गाठ लागली

तरुण मुलीला पाळीच्या आधी किंचित गाठ वाटली तर एक पाळी होऊन जाऊ द्या. पाळीनंतरही ती तशीच राहिली तर दाखवा. यापेक्षा जास्त थांबायचं नाही.

तपासणीत काय करतात

तपासणीचे तीन भाग असतात आणि तिन्ही मिळूनच निकाल पक्का होतो.

पहिला, हाताने तपासणी. डॉक्टर किंवा सिस्टर बसवून आणि झोपवून दोन्ही स्तन आणि काखा तपासतात. डॉक्टर पुरुष असेल तर सोबत महिला कर्मचारी हवी, असं तुम्ही म्हणू शकता. तो आपला हक्क आहे. सोबत बहीण, जाऊ, शेजारीण, कुणालाही न्या.

दुसरा, आतला फोटो. ४० च्या आतल्या बायकांना साधारणपणे सोनोग्राफी करतात, कारण तरुण स्तन घट्ट असतो आणि मॅमोग्राफीत नीट दिसत नाही. ४० च्या पुढे मॅमोग्राफी करतात, गरज असेल तर सोनोग्राफीही. मॅमोग्राफीत स्तन दोन पट्ट्यांमध्ये थोडा दाबतात. क्षणभर दुखतं, पण इजा होत नाही.

तिसरा, सुईची तपासणी. गाठीतला लहानसा तुकडा किंवा थोड्या पेशी सुईने काढून तपासायला पाठवतात. प्रत्येकीलाच ती लागते असं नाही. साधी पाण्याची गाठ सोनोग्राफीत स्पष्ट दिसली तर बहुतेक वेळा लागत नाही.

जाताना एक काळजी घ्या. केसपेपर काढताना आपण लाजून "छातीत दुखतंय" म्हणतो. मग हृदयाचा कागद काढतात, ॲसिडिटीची गोळी देतात आणि आपण तशाच परत येतो. म्हणून स्पष्ट सांगा, "स्तनात गाठ आहे." बोलायला जमत नसेल तर चिठ्ठीवर लिहून न्या.

कुठे जायचं?

सुरुवात आपल्या उपकेंद्रापासून, म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिरापासून करा. तिथे ३० वर्षांवरील महिलांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी करायची सरकारची व्यवस्था आहे. आशाताई ३० वर्षांवरील प्रत्येकाचा एक फॉर्म भरतात. त्यात स्तनात गाठ आहे का, बोंडातून रक्ताळलेला स्राव येतो का, स्तनाच्या आकारात बदल झाला का, असे प्रश्न असतात. आपण दारात उभ्या राहून, सासरे-दीर समोर असताना, "काही नाही, काही नाही" म्हणून मोकळ्या होतो. तसं करू नका. आशाताईला आत बोलवा, चहा ठेवा आणि खरं सांगा.

तिथून प्राथमिक आरोग्य केंद्र, मग ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, मग जिल्हा रुग्णालय असं पाठवतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. कॅन्सरचे उपचार आणि यादीतल्या शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत होतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्याला भेटा, पैसे नंतर काढा.

घरी काय करावं

• दुखत असेल तर मापाची, नीट आधार देणारी ब्रा वापरा. शेतात काम करताना, जीपमधून जाताना आधाराने खूप फरक पडतो. सैल किंवा फार आवळलेली नको.
• पाळीआधीच्या दुखण्यावर कोमट पाण्याच्या कापडाने शेका. कुणाला गार कापडाने बरं वाटतं. लागली तर पॅरासिटामॉलची गोळी सिस्टरला विचारून घ्या.
• गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्यापासून दुखणं वाढलं असेल तर ते डॉक्टरांना सांगा. आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका.
• बाळंतिणीला सूज आली तरी बाळाला पाजणं चालू ठेवा. ते दूध बाळाला चालतं. पाजणं एकदम तोडलं तर दूध साठून सूज वाढते. पाजून झाल्यावर गार पाण्याचं कापड ठेवा. बोंडाला चीर असेल तर स्वतःचंच थोडं दूध लावून वाळू द्या, आणि बाळाच्या तोंडात बोंडाभोवतीचा काळा भागही जाईल असं धरा. एक दिवसात उतार पडला नाही किंवा ताप चढला तर दवाखान्यात जा. पू झाला असेल तर डॉक्टर सांगतील तसं पाजा किंवा त्या बाजूचं दूध हाताने काढून टाका.

घरी काय करू नये

• गाठीवर बिब्बा, चुना, रुईचा चीक लावू नका. कातडी भाजते, जखम होते आणि मग आतली गाठ तपासणंही अवघड होतं.
• डाग देऊ नका, जळवा लावू नका, ब्लेडने चीर पाडून पू काढू नका.
• 'गाठ विरघळते' म्हणून जोराने चोळू नका. बाळंतिणीची सूज तर चोळून वाढते.
• मेडिकलमधून तापाच्या आणि पिकण्याच्या गोळ्या दोन-दोन दिवस घेऊन सोडू नका.
• कुणाचा उतारा, नवस करायचा असेल तर करा, पण दवाखान्याची तारीख चुकवू नका.

आपला हात आपल्याला ओळखीचा करा

महिन्यातून एकदा, पाळी सुरू झाल्यापासून सात ते दहा दिवसांच्या दरम्यान, स्तन मऊ असताना बघा. पाळी गेलेल्या बायकांनी महिन्याची एक तारीख ठरवावी. बचतीची तारीखच धरा, म्हणजे विसरायला होणार नाही.

आरशासमोर हात खाली ठेवून, मग हात वर करून बघा : आकार, कातडी, बोंड. मग आडव्या होऊन एक हात डोक्याखाली घ्या आणि दुसऱ्या हाताच्या मधल्या तीन बोटांच्या पेरांनी लहान गोल फिरवत सगळा स्तन, गळ्याच्या हाडापर्यंत आणि काखेपर्यंत तपासा. चिमटीत धरू नका, चिमटीत धरलं की सगळंच गाठ वाटतं. आंघोळीच्या वेळी साबणाचा हात असताना हेच सोपं जातं.

आणि हे लक्षात ठेवा : आपला हात फक्त 'काहीतरी बदललंय' एवढं सांगतो. काय बदललंय ते दवाखाना सांगतो. काही लागलं नाही तरी ३० नंतरची उपकेंद्रातली तपासणी सोडायची नाही.

हाताने तपासण्याने खरंच उपयोग होतो का, अशी शंका कुणी काढेल. मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटलने १९९८ पासून वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त बायकांबरोबर एक मोठा अभ्यास केला. अर्ध्या वस्त्यांमध्ये शिकवून तयार केलेल्या महिला आरोग्य कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी बायकांचे स्तन हाताने तपासायच्या. २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासलेल्या बायकांचे कॅन्सर लवकरच्या टप्प्यावर सापडले, आणि ५० वर्षांवरच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. तिथे महागडं यंत्र नव्हतं, शिकलेला हात होता. तसाच हात आज आपल्या उपकेंद्रात आहे.

बैठकीत विचारले जाणारे प्रश्न

सुई टोचली की गाठ पसरते का गं?
नाही. सुईच्या तपासणीने साध्या गाठीचा कॅन्सर होत नाही. उलट सुईमुळे विनाकारण होणारं ऑपरेशन टळतं.

साधी गाठ पुढे कॅन्सर होते का?
सटकणारी साधी गाठ किंवा पाण्याची गाठ साधारणपणे कॅन्सर होत नाही. काही थोड्या जणींच्या तुकड्याच्या रिपोर्टमध्ये पेशींची वेगळी वाढ दिसते, त्यांचा धोका थोडा जास्त असतो. म्हणून रिपोर्ट फेकू नका, प्लास्टिकच्या पिशवीत गटाच्या पासबुकासोबत ठेवा, आणि बोलावलेल्या तारखेला जा.

दुखते म्हणजे कॅन्सरच ना?
नाही. नुसत्या दुखण्यामागे बहुतेक वेळा साधंच कारण असतं. कॅन्सरची गाठ सुरुवातीला सहसा दुखत नाही, म्हणून न दुखणाऱ्या गाठीकडे जास्त लक्ष द्या.

ब्रा घातल्याने, किंवा मूल अंगावर पाजल्याने गाठ होते का?
दोन्ही खोटं. अंगावर पाजण्याने तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडा कमीच होतो.

एकीची गाठ दुसरीला लागते का?
नाही. सोबत जेवा, सोबत झोपा, एकमेकींची लेकरं घ्या. हा शिवाशिवीचा आजार नाही.

आता गटाचं काम

आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहे, ते फक्त इतिवृत्तात लिहिण्यापुरतं नको. या महिन्यात प्रत्येक गटाने एवढं करावं :

१. गटातल्या ३० वर्षांवरील किती जणींची स्तन तपासणी झाली आहे, ते मोजा. नावं मोठ्याने वाचू नका, फक्त आकडा लिहा.
२. ज्यांची राहिली आहे त्यांच्यासाठी आशाताई आणि उपकेंद्राच्या मॅडमशी बोलून दिवस ठरवा. बाजाराचा आणि पेरणी-काढणीचा दिवस टाळा.
३. जिला पुढे पाठवलं आहे तिच्यासोबत कोण जाणार ते त्याच बैठकीत ठरवा. एकटीला पाठवलं की बस चुकते, रांग चुकते, आणि मग ती जातच नाही.
४. प्रवासाला पैसे नसतील तर अंतर्गत कर्ज किंवा ग्रामसंघाकडचा जोखीम प्रवणता निधी आहे. तो अशाच वेळेसाठी असतो.
५. कुणी आपली गाठ गटात सांगितली तर ती गोष्ट गटाबाहेर जाऊ देऊ नका.

चर्चेसाठी प्रश्न

• गाठ लागली तर तुम्ही घरात पहिल्यांदा कुणाला सांगाल? का?
• गोष्टीतल्या आत्या गप्प का बसल्या असतील? आपल्या घरातल्या सासूला, आईला आपण कधी विचारलं आहे का?
• आपल्या गावात गाठीवर कोणते घरगुती उपाय करतात? त्यातले कोणते थांबवायला हवेत?

शेवटचा प्रश्न प्रत्येकीने घरी जाऊन आपल्या सासूला आणि आईला विचारायचा : "हाताला कुठं काय लागतंय का?" पहिल्यांदा त्या "मला काय हुतंय" म्हणतील. थोडा वेळ तिथेच बसून राहा आणि पुन्हा विचारा.